मणक्याचा टीबी आणि 'कोरडी बारव'

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली, नीट पाहिली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "यांना मणक्याचा टीबी आहे. दोन मणके खराब झालेत. आत पू साचलाय आणि तो मज्जारज्जूवर दाबतोय."

मी तिथेच होते. स्ट्रेचरवर. पाठ माझी, पाय माझे, मणके माझे, आणि सांगणं मात्र सुधाकरला. मी म्हणाले, "डॉक्टर, माझ्याकडे बघून सांगा. दुखणं मला आहे."

ते चमकले. मग माझ्याकडे वळून त्यांनी पहिल्यापासून सगळं समजावलं. या आजाराला पॉट्स स्पाइन म्हणतात. क्षयाचे जंतू रक्तातून मणक्यात जाऊन बसतात आणि हाड पोखरतात. वेळेत कळलं तर गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर पाय जाऊ शकतात.

"मला उशीर झालाय का?" मी विचारलं.

"थोडा झालाय," ते म्हणाले.

हा थोडा उशीर म्हणजे आठ महिने. ते महिने कुठे गेले हे मी सांगणार आहे, कारण त्यांचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी वालूरच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग घेते. वय त्रेचाळीस. पाठीत, खांद्यांच्या पात्यांच्या खाली, दुखायला लागलं तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांना मी सांगितलं की वजन उतरतंय, तर ते हसून म्हणाले, "मग चांगलंच आहे की मॅडम, लोक त्यासाठी धावतात." तिसरे परभणीचे, नावाजलेले. त्यांनी पाठीला हातसुद्धा लावला नाही. "टेन्शन घेता का? या वयात बायकांना असं होतं," असं म्हणून झोपेची गोळी लिहून दिली.

रोज संध्याकाळी मला बारीक ताप यायचा. घाम येऊन उशी ओली व्हायची. तिघांपैकी एकानेही तापाचं विचारलं नाही. मी सांगायला गेले तर वाक्य पुरं होईपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असायचा.

घरी काही वेगळं नव्हतं. सुधाकर म्हणायचा, "तुला शाळेचा कंटाळा आलाय. सुट्ट्या लागल्या की बघ कशी ठणठणीत होतेस." सुट्ट्या लागल्या, संपल्या. दुखणं तसंच. पडून राहिलं तरी दुखायचं. हे लक्षात ठेवा. कामाने आलेली पाठदुखी विश्रांतीने उतरते, ही उतरत नाही.

मग एक दिवस परिपाठाला उभी असताना पाय जागचे हलेनात. मुलं ओळीत उभी राहून प्रार्थना म्हणत होती आणि मी त्यांच्यासमोर हळूहळू खाली बसत गेले. मुलांना वाटलं, बाई मुद्दाम बसल्या. पोरं शहाणी, तीही सगळी खाली बसली.

त्यानंतर एमआरआय. त्यानंतर नांदेडला बायोप्सी, म्हणजे मशीनमध्ये बघत बघत पाठीत लांब सुई घालून मणक्याचा बारीक तुकडा काढणं. सुई जाते तेव्हा दुखत नाही, नंतर दुखतं. तो तुकडा सीबीनॅट नावाच्या तपासणीला गेला. त्यात टीबीचे जंतू आहेत का आणि नेहमीचं मुख्य औषध त्यांना लागू पडेल का, हे कळतं. आम्ही बाकावर वाट बघत बसायचो. म्हणजे सुधाकर बसायचा, मी त्याच्या शेजारी आडवी. तो एकदा म्हणाला, "सुनंदा, मला वाटलं नव्हतं गं." मी भिंतीकडे तोंड केलं. त्याला बरं वाटावं म्हणून काही बोलण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

औषध लागू पडणारं निघालं. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे बघू. पायात ताकद आली तर ऑपरेशन टाळू. तोवर सपाट पडून राहायचं. उठून बसायचंही नाही."

घरी आले. गोळ्यांनी लघवी भगवी होते, घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. मळमळ मात्र खरी. आरोग्य केंद्रातली ताई येऊन रोज गोळी घेतली का बघायची. वालूरमध्ये एवढ्या एकाच माणसाने मला पहिल्या दिवसापासून सरळ प्रश्न विचारले.

सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं काढलं. हा आजार फुप्फुसात नाही, खोकल्यातून उडत नाही, कुणाला लागणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्यादेखत सांगितलं होतं. "तरी बी आपलं असू दे," त्या म्हणाल्या. दोन दिवस मी त्या ताटात जेवले. तिसऱ्या दिवशी ते ताट पडल्यापडल्या हाताने ढकलून दिलं. वरणाचे शिंतोडे भिंतीवर उडाले. मग माझी आई ताडकळसहून आली. तिने भिंत पुसली आणि तेव्हापासून मला तिच्याच ताटातलं भरवू लागली.

भेटायला येणारे सगळे एकच शब्द घेऊन यायचे. आशा. "आशा सोडू नका." "पॉझिटिव्ह राहा." आठ महिने ज्यांनी माझं दुखणं खोटं ठरवलं, तेच आता मला आशा शिकवत होते.

अशात शाळेतल्या शेख मॅडम एक कादंबरी घेऊन आल्या. 'कोरडी बारव'. मागच्या पानावर छापलेलं: कुटुंब, दुःख आणि आशा यांची हृदयस्पर्शी कहाणी, दोन काळांत उलगडणारी. मी म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही परत न्या."

त्या म्हणाल्या, "मागचं पान वाचू नका. आतलं वाचा. ह्यातल्या बाया तुमच्यापेक्षा लय चिडलेल्या हायेत."

तरी ते पुस्तक दहा-अकरा दिवस खिडकीत पडून होतं. पण छताकडे तरी माणूस किती बघणार? एका दुपारी आईला म्हटलं, दे ते इकडे. उताणं पडून पुस्तक धरलं की हात भरून यायचे, म्हणून आई दोन्ही हातांनी ते माझ्यावर धरायची आणि मी वाचायचे. तिला वाचता येत नाही. तेव्हा मी मोठ्याने वाचू लागले.

कादंबरीत दोन बायका आहेत. एक येसू, निजामाच्या राजवटीतली, गोदाकाठच्या गावातली. तिची सात वर्षांची पोर पटकीच्या साथीत जाते, आणि घरातले ठरवून टाकतात की त्या पोरीचं नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही. दुसरी केतकी, आजच्या काळातली, येसूची पणती. तिचं मूल जन्मताच गेलंय, आणि तिला सगळे सांगतात, विसर, दुसरं होईल. एक प्रकरण येसूचं, एक केतकीचं, असं पुस्तक चालतं. सुरुवातीला काळ बदलला की जरा अडखळायला होतं. पन्नासेक पानांनंतर ते वाटेनासं होतं, कारण दोघींचा राग एकच आहे. घरातल्या प्रेमळ माणसांनीच त्यांच्या तोंडावर हात ठेवलाय.

येसू तेव्हा पाण्याने भरलेल्या बारवेच्या पायरीवर बसून पोरीचं नाव घेते, एकटी, रोज, पाणी भरायच्या निमित्ताने. ते पान मी वाचत होते आणि पुस्तक हलायला लागलं.

"माय, दमलीस का?"

"विमलला बी असंच दुखायचं," ती म्हणाली.

विमल माझी थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती सासरी वारली. तेव्हा मी नववीत होते. तापाने गेली, एवढंच मला माहीत. आमच्या घरात तिचा फोटो नाही. तिचा विषय निघाला की वडील उठून बाहेर जायचे, म्हणून विषय निघायचा बंद झाला.

"काय दुखायचं?" मी विचारलं.

"पाठ. पंचमीला आली तवा म्हणली, माय, पाठ लय दुखायली, रोज सांजच्याला कसर येते, अंग तापतंय, मला चार दिस राहू दे. आमाला वाटलं, सासरी कामाचा कंटाळा करायलीय. मीच म्हणले, नाटकं नको करू, नांदायला जाय. तुझ्या बापानं एष्टीत बसवून दिली. पुढं पायच गेले म्हणं तिचे. आमाला कळवलंच न्हाई कुणी."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उठता येत नव्हतं म्हणून तोंडानेच जेवढं मारता येईल तेवढं मारलं. आईने पुस्तक माझ्या छातीवर ठेवलं आणि ऐकत उभी राहिली.

चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती भरवायची, पुसायची, कूस बदलायला हात द्यायची. पाचव्या दिवशी तिने पुस्तक उचलून माझ्यावर धरलं. "वाच म्होरं," म्हणाली. "त्या बाईचं काय झालं, मला ऐकायचंय."

विमलआक्काला काय झालं होतं ते आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "असू शकतं. तपासणी नसताना मी नक्की म्हणणार नाही." मला त्यांचं हे उत्तर आवडलं.

डॉक्टरांनी दिलेले तीन आठवडे संपता संपता माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला. ऑपरेशन टळलं. मग टेलर ब्रेस, म्हणजे खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ ताठ धरणारा पट्टा, आणि तो बांधून आधी बसणं, मग उभं राहणं, मग अंगणापर्यंत चालणं. गोळ्या दीड वर्ष चालल्या. मध्ये यकृताची तपासणी बिघडली, काही गोळ्या थांबवून पुन्हा एकेक सुरू केल्या. बरं वाटायला लागलं म्हणून एकही दिवस स्वतःच्या मनाने चुकवू नका.

चालता येऊ लागल्यावर मी त्या टेन्शनवाल्या डॉक्टरांकडे गेले. नंबर लावला, आत गेले, फिल्म टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "तेव्हा लक्षणं तशी नव्हती मॅडम."

"तशीच होती. तुम्ही विचारलं नाही."

"आम्हाला दिवसाला शंभर पेशंट असतात."

"मी त्यातली एक होते," मी म्हणाले आणि निघाले. त्यांनी माफी मागितली नाही. ती मिळेल असं मला वाटलंही नव्हतं.

सुधाकरने मागितली, एकदा नाही, अनेकदा. त्यातल्या एका वेळी मला ती पटली. आता त्याच्या ऑफिसात कुणी पाठदुखीचं बोललं की तो आधी विचारतो, संध्याकाळी ताप येतो का.

तर, जी पाठ आराम करूनही दुखते, सोबत बारीक ताप येतो, वजन उतरतं, पायाला मुंग्या येतात, तिच्यासाठी डॉक्टर बदला, भांडा, पाठीचा एमआरआय करून घ्या. तुम्हाला नाटकी म्हणतील. म्हणू द्या.

आणि 'कोरडी बारव' वाचा. आजारी असाल तर वाचा, आजाऱ्याची सेवा करत असाल तर आधी वाचा. शेवट सांगत नाही. दोन काळ कसे एकत्र येतात ते शेवटच्या वीसेक पानांत आहे, आणि ती पानं वाचताना मी आईला दोनदा पुस्तक खाली ठेवायला लावलं. त्यात चमत्कार नाही, गेलेलं कुणी परत येत नाही. मधली काही प्रकरणं लांबलीत, केतकीच्या नवऱ्याचं पात्र कच्चं आहे. पण आशा हा शब्द लेखिकेने आत एकदाही वापरलेला नाही, आणि म्हणूनच मला तिचं पटलं. शेख मॅडमचे आभार. पुस्तक मी त्यांना परत दिलेलं नाही.

ते आई घेऊन गेली. ताडकळसला शेजारची सून तिला वाचून दाखवते. मागच्या महिन्यात आईचा फोन आला, ती सरकारी दवाखान्याच्या रांगेतून बोलत होती. मागे बायांचा गलका. त्या सुनेची पाठ महिनाभर दुखत होती आणि घरचे हसत होते, म्हणून आई तिला बाजाराच्या दिवशी एसटीत बसवून परभणीला घेऊन आली होती.

"नंबर लागायलाय आता," ती म्हणाली. "तिची सासू विचारू लागली, तुमाला काय पडलंय एवढं? मी म्हणले, मला एक विमल होती."