सईचे मेसेज

दुपारी जेवायला बसलो आणि फोन वाजला. कार्डावर खर्च झाल्याचा मेसेज होता, लातूरच्या एका पुस्तकांच्या दुकानातला. म्हणजे सई आज बाहेर पडली होती.

अकरावीसाठी ती हॉस्टेलवर गेली, तेव्हा माझ्या क्रेडिट कार्डाला जोडून घेतलेलं एक कार्ड मी तिला दिलं. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. निघायच्या आदल्या दिवशी तिला समोर बसवून सांगितलं, "हे पैसे आपले नसतात, बँकेचे उसने असतात. बिल आलं की पूर्ण फेडता येईल तेवढंच वापरायचं. आणि हातखर्चातले थोडे आधी बाजूला टाकायचे, मग उरलेले खर्चायचे."

"कळलं हो, बाबा!"

सुरुवातीला मेसेज सारखे यायचे. आइस्क्रीम, केसांच्या क्लिपा, कधी औषधांचं दुकान. मग माझा जीव लागून राहायचा. हळूहळू ते थांबले. शिकवलेलं तिच्या अंगी बाणलं होतं. बापाला आणखी काय हवं? तरी गप्प पडलेल्या फोनकडे मी बघत बसायचो. मुलं शहाणी झाली की त्यांची चाहूलही कमी होत जाते.

आज राहवेना, फोन केला.

मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "बाबा, वायफळ नाही हं! गणिताचं पुस्तक होतं. पैसे बाजूला ठेवलेत मी."

"शाबास," मी म्हणालो.

तिला क्लासला पळायचं होतं. जेवलीस का, एवढंच मला विचारायचं होतं.