सुईला ‘अहो’ करणे

आमच्या मागच्या खोलीत परदेशातून शिकायला आलेली एक मुलगी राहते. तिच्याबद्दल काहीतरी लिहा, असं आमच्या हिनेच सुचवलं. मला लिहायची सवय नाही. जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची ही खालच्या शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे आणून घरी काज-बटण करते. नजर अधू झाली आहे, पण टाके बोटांना पाठ आहेत. अडतं ते फक्त सुईत दोरा ओवताना. मग मान वर न करता ती म्हणते, “अहो.” तेवढ्यावर मी खिशातलं भिंग डोळ्याला लावतो आणि दोरा ओवून देतो. दुकान बंद केल्यापासून माझ्या हाताला घरात एवढंच काम उरलं होतं. बाकी वेळ मी खुर्चीत बसतो आणि हिचा केर आला की पाय वर घेतो.

अशा घरात ही पाहुणी आली. ही तिला पाहुणीच म्हणते. ताडमाड उंच, जिन्यावरच्या तुळईला रोज डोकं आपटायची आणि हिच्याकडून शिकलेलं “अगं बाई!” म्हणायची. आमची भाषा पुस्तकातून शिकून आलेली. संध्याकाळी हिच्याजवळ बसून दिवसभराच्या नवलाई सांगायची.

“आजी, इथे सगळे विचारतात, कुठे चाललीस? मी पूर्ण सांगते. ते थांबतच नाहीत.”

“अगं, ते नुसतं विचारायचं असतं.”

“आणि शेजारचे काका ‘येतो’ म्हणाले. मी दार उघडं ठेवून बसले. ते आलेच नाहीत!”

ही पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी हिला असं हसवल्याचं मला आठवेना. घड्याळाच्या काट्यांवरचा माझा एक जुना विनोद आहे, तो मी त्या रात्री जेवताना सांगून पाहिला. ही म्हणाली, “वाढू का अजून?”

पण खरी ठिणगी पडली ती सुईवरून. हिने “अहो” म्हटलं, मी खिशात भिंग चाचपत होतो, तेवढ्यात पाहुणीने सुई उचलली, टोक ओलं केलं आणि दोरा ओवलाही. भिंग नाही, दिव्याकडे वळणं नाही.

“बघा!” ही मला म्हणाली. “तरणे डोळे ते तरणे डोळे.”

त्यानंतर पाहुणी पुस्तक घेऊन हिच्याशेजारीच बसू लागली. “अहो” झालं की तिचा हात पुढे. शिंप्याच्या कानावर ही बातमी कशी गेली कोण जाणे. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “काय घड्याळजी, नोकरी गेली म्हणे तुमची!”

माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते ओव्याने थांबणारं नव्हतं.

“तुला अभ्यास नाही का गं?” मी एकदा पाहुणीला विचारलं.

“झाला, आजोबा,” ती हसून म्हणाली. वर हुशार!

मग मी एक युक्ती केली. दुपारी ही झोपली असताना डबीतल्या सगळ्या सुया ओवून ठेवल्या. म्हटलं, बघू आता कोणाला बोलावते. संध्याकाळी हिने डबी उघडली.

“हे काय? सगळ्या सुयांना शेपट्या! आणि हा गुंता कोणी सोडवायचा?”

पाहुणीने सोडवला. न चिडता, एकेक दोरा सुटा करत. मला तर अजूनच राग आला.

पुढे तिला वर्गात ‘नव्या देशातले माझे पहिले दिवस’ यावर बोलायचं होतं. आदल्या संध्याकाळी ती आमच्यासमोर उभी राहून सराव करू लागली. जिना आला, तुळई आली, ‘येतो’ आलं. मग ती म्हणाली, “या घरात मी एक नवीन क्रियापद शिकले. सुईत दोरा घालणे म्हणजे अहो करणे. आजी म्हणतात अहो, की मी लगेच अहो करते. दोरा ओला केला तर अहो लवकर होतं.”

हिने शर्टात तोंड लपवलं. खांदे गदगदत होते. शेवटी अंगुस्तान घातलेलं बोट माझ्याकडे करून म्हणाली, “अगं वेडे, अहो म्हणजे सुई नाही. अहो म्हणजे हे.”

पाहुणीने माझ्याकडे पाहिलं, मग सुईकडे. “म्हणजे आजी आजोबांना बोलावत होत्या? आणि रोज मी येत होते?”

“हो,” मी म्हणालो. जरा मोठ्यानेच निघालं.

ही माझ्याकडे वळली. “मग बोलला का नाहीत? मला वाटलं हात थरथरतो, कशाला तुम्हाला त्रास.”

“तू कुठे विचारलंस?”

दुसऱ्या संध्याकाळी हिने मान वर न करता “अहो” म्हटलं. पाहुणीने पुस्तक डोळ्यांपुढे धरलं. पान मात्र उलटत नव्हतं. मी भिंग लावलं. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून. ही थांबून राहिली. अखेर ओवला गेला. मी सुई हिच्या हातात दिली.

हिने दोरा बोटांवर घेऊन दिव्याजवळ नेला. “अहो, हा पांढरा. शर्ट निळा आहे.”

पाहुणीला हसू आवरेना. तिचं बघून हीही हसायला लागली. दोघी एकमेकींवर रेलून हसत होत्या, आणि माझ्या पोटात पुन्हा थोडं दुखलं. पण सुई माझ्याकडे परत आली होती. मी निळं रीळ शोधायला लागलो.