फोटोखालची ओळ

पारबताला वाचता येत नव्हतं. तरी पेपर हातात आला की फोटोखालची ओळ ती अंगठ्यानं झाकायची आणि समोर बसलेल्या माणसाला विचारायची, "सांग गा, ही कोनाची माय?" तो म्हणायचा, "काकी, अंगठा काढ ना, मंग सांगतो." ती काढायची नाही. "बाई रडून राहिली हे दिसते ना तुले? मंग वाचाले कायले पायजे?"

ही माझी बायको. जाऊन वर्ष झालं.

मी अर्जुनी मोरगावला चाळीस वर्षं पेपर वाटले. शिक्षण सातवी नापास. मोठे मथळे वाचतो, बारीक अक्षराला चष्मा आणि वेळ लागतो. गठ्ठे गोंदियाहून पहाटे येतात. न खपलेला अंक जसा आला तसा परत द्यावा लागतो, म्हणून पेपरला जास्तीची घडी पडलेली मला चालत नसे. आमच्या घरात पेपरवर कोणी भाकर ठेवली नाही, फळीवर पेपर अंथरला नाही. पुरवण्या भरायचं काम पारबताचं. माझे दोन होईपर्यंत तिचे पाच भरून व्हायचे, आणि तेवढ्यात सगळे फोटोही बघून व्हायचे.

गाझाची लढाई सुरू झाली त्या वर्षी पावसाळा सरता सरता ती तलावाच्या घाटावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "चाचा, अब ये चल नहीं पाएँगी. घर पे सेवा करो." मी खाटेजवळ आलो आणि तिला सांगितलं, "होळीपर्यंत चालशील म्हणते डॉक्टर. पाय तेवढा रोज हलवाचा म्हणते."

रोज सकाळी मी तिचा पाय धरायचो आणि ती हलवायची. ओठ दातात धरायची. वीस वेळा. मी "आज राहू दे" म्हटलं तर म्हणायची, "राहू कसा दिऊ? होळी का दूर आहे?" होळी गेली. मी पोळा म्हणालो. पोरगी बालाघाटला दिलेली. ती फोनवर "येऊ का बाबा" म्हणायची. तिलाही मी तेच सांगायचो, पोळ्याले ये, तोवर आई दारात उभी राहते.

खाट बाहेरच्या खोलीत होती, तिथंच पेपर सुटे व्हायचे. दोन माणसं रोज येऊन बसायची. भेंडारकर गुरुजी रिटायर झालेले, आणि बिसेन बसस्टँडवर चहा विकणारा. दोघांचं गाझाच्या फोटोंवरून जमायचं नाही.

गुरुजी म्हणायचे, "इस्रायलचा माणूस मेला की नाव, वय, घरातला हसरा फोटो. गाझाचे मेले की नुसता ढिगारा आणि आकडा. त्यांच्या घरी फोटो नव्हते काय?"

बिसेन म्हणायचा, "गुरुजी, राकेट किधर से छूटता है, उसका एक फोटो दिखाओ. पळवून नेलेल्याईचे फोटो दोन दिवस छापले, बस. आता रोज धुळीतले लेकरं. पढनेवाला क्या समझेगा?"

दोघंही मला पेपर बंद करायची धमकी द्यायचे, जसा काय मीच कॅमेरा घेऊन तिकडे गेलो होतो. पारबता पडल्या पडल्या ऐकायची. एकदा तिनं एक फोटो समोर धरला, अंगठा खाली. एक बाई पोराचा फोटो छातीशी धरून उभी होती. गुरुजी म्हणाले, गाझाची. बिसेनही म्हणाला, गाझाची. तिनं अंगठा काढला. मी चष्मा लावून वाचलं. पळवून नेलेल्या पोराची आई होती ती, इस्रायलची. बिसेनला आपल्या बाजूची बाई ओळखता आली नाही.

"तुमी दोघंबी फोटो पाहतच नाही," पारबता म्हणाली. "आपआपला मेलेला शोधता."

हिवाळ्यात एक दिवस दोन्ही पेपरांत एकच फोटो आला. गाढवाच्या गाडीवर गादी, गादीवर म्हातारी. मराठी पेपरात म्हातारी आणि मागं आभाळ. हिंदी पेपरात तोच फोटो रुंद होता, कडेला रणगाडा, दोन शिपाई, आणि पुढं पांढरं कापड धरलेला माणूस. गुरुजी म्हणाले, रणगाडा मुद्दाम कापला. बिसेन म्हणाला, मुद्दाम ठेवला. अर्धा तास भांडले. पारबतानं दोन्ही पानं गोधडीवर शेजारी ठेवली.

"म्हतारी दोन्हीत तेवढीच आहे," ती म्हणाली. मग मला जवळ बोलावलं. "हिचा पाय पाहा जी. फळीले बांधला. माह्यावानीच मोडला असन."

आम्ही तिघांनी तो फोटो बघितला होता. पाय कोणालाच दिसला नव्हता.

ते दोन अंक मी परत पाठवले नाहीत. तिनं ते उशीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी गठ्ठा सोडायच्या आत तिनं विचारलं, "म्हतारी पोचली का जी?" मी बघितलं, काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तेच. महिना झाला, दोन झाले. "फोटो काढनारा एकडाव आला न् निघून गेला का? मांगून कोनी पाह्यलं नाही, ते उतरली का नाही?" मी म्हणायचो, पेपरात रोज नवीन लागते. ती म्हणायची, "नवीन तुमाले लागते. ते तर अजून गाडीवरच आहे."

मला ते ऐकवेना. पाय हलवताना ती विचारायची, जेवताना विचारायची. पाठीला जखमा झाल्या होत्या, ताप येऊन जाऊन होता. आणि उन्हाळ्यात एका पानावर मला एक म्हातारी दिसली. मोठ्या खोलीत खाटेवर बसलेली, डोक्याला रुमाल, हातात कप. खाली लिहिलं होतं, रॉकेट पडलं म्हणून इस्रायलच्या एका शहरातली माणसं निवाऱ्याला आणली. मी कैची घेतली. खालची ओळ कापली. फोटो तिला नेऊन दिला.

"हे पाह्य. पोचली. चहा पिऊन राहिली."

तिनं फोटो धरला. खूप वेळ धरला. मला वाटलं, आता हसेल. तिनं खालच्या काठावरून बोट फिरवलं.

"चाळीस वर्सं पेपरले घडी पडू देल्ली नाही तुमी," ती म्हणाली. "आज कैची काऊन लावली?"

मी चष्मा काढला.

"कोन आहे हे?"

मी सांगितलं. तिकडची आहे, इस्रायलची.

"मंग तिले तिच्या जागी राहू द्याचं होतं. तेबी घाबरूनच बसली असन. तिचं दुख काढून गाडीवरच्या म्हतारीले कायले लावलं?"

"तुले बरं वाटावं म्हणून."

तिनं फोटो गोधडीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "गोंदियाच्या डॉक्टरनं का म्हटलं होतं जी? तेबी मले बरं वाटावं म्हणूनच सांगतलं का?"

बाहेर बिसेन कोणाला तरी हाका मारत होता. मला उठून जाता आलं असतं. तिला जाता येत नव्हतं, म्हणून मीही बसून राहिलो.

"मी उठीन का नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"कवापासून मालूम?"

"पहिल्या दिवसापासून."

ती रडली नाही. पायाकडे बघितलं. "मंग आठ महिने मी ह्याले कायले हलवून राहिली?" रोज वीस वेळा. तिच्या तोंडाकडे बघता येत नसे म्हणून मी मोजत बसायचो, आणि ती समजायची मी तिला हिंमत देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं पाय धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "पोरीले फोन लावा. जे आहे ते सांगा. पोळा-बिळा काही म्हनू नोका."

आई आता उठणार नाही, एवढंच मी फोनवर सांगितलं. पोरगी त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आली. अकरा दिवस राहिली. आईची वेणी घालायची, जखमा धुवायची. दोघी बोलत बसायच्या, मी आलो की गप्प व्हायच्या. पारबता एकदा तिला म्हणताना ऐकू आली, "बापाले एकटं सोडू नोको. त्याले खोटं बोलता येत नाही, तरी बोलते." बाराव्या दिवशी पहाटे, गठ्ठे यायच्या आधी, पारबता गेली.

पेपरात द्यायला पोरीनं तिचा फोटो मागितला तेव्हा मी आहे तो दिला. खाटेवरचा, केस विस्कटलेले. पोरगी म्हणाली, दुसरा नाही का, चांगला? मी म्हणालो, असाच जाऊ दे. नाव तेवढं बरोबर छापा म्हणून मी एजंटला दोनदा सांगितलं.

डॉक्टरचं बोलणं मी आठ महिने पोरीपासून लपवलं, हे आईनं तिला सांगितलं का नाही, मला माहीत नाही. आधी कळलं असतं तर ती होळीलाच आली असती. ती दर आठवड्याला फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, विचारते. मी "हो" म्हणतो, ती "खरं का?" म्हणते, आणि मी फोन कानाला लावून, ती यापुढं अजून काही विचारते का, याची वाट पाहत बसतो.