एका हाताने पिळायचं यंत्र

जगात जे जे म्हणून ओलं आहे त्यातलं पाणी बाहेर निघालंच पाहिजे, या एकाच विचारावर जगणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघावा हा माझा भोग आहे. लोकांना सासरकडून आंब्याची पेटी येते. मला कपडे पिळायचं यंत्र येतं, तेही दर सहा महिन्यांनी नवं, आणि सोबत निरोप असतो, "वापरून बघा आणि खरं काय ते सांगा." खरं सांगितलं की मामा रागावतील, तर तेही नाही. ते खिशातून वही काढतात आणि म्हणतात, "जावईबापू, पुन्हा एकदा सांगा. जरा सावकाश."

मामा सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवण्यात, उभा जन्म काढून निवृत्त झाले. पत्रा किती जाड आहे ते त्यांना नुसत्या बोटाला कळतं, पण आज वार कोणता हे मामींना विचारावं लागतं. हे पिळण्याचं वेड मात्र त्यांना निवृत्तीनंतर लागलं आणि त्याला कारण मामीच. चार-पाच वर्षांपूर्वी मामी जिन्यात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. आत स्टीलची पट्टी बसवली, हात जुळला, पण डॉक्टरांनी बजावलं, की बाकी सगळं करा, पिळायचं काम मात्र या हाताने पुन्हा नाही. आता मामी म्हणजे रोज सुती साडी, स्वतः धुतलेली, स्वतः खळ घातलेली. दुसऱ्याच्या हातचं धुणं त्यांना चालत नाही. धुण्याला बाई ठेवून पाहिली, तर आठवड्यात मामींनी निकाल दिला, "ती साडी पिळत नाही, साडीचा गळा दाबते." मुलाने बंगळुरूहून मशीन पाठवलं. त्यातून साडी दोरखंड होऊन निघाली आणि खळ मशीन पिऊन बसलं. हल्ली त्या मशीनवर लोणच्याच्या बरण्या असतात. तेव्हा मामांनी ठरवलं, की मामींना डाव्या हाताने, एकटीने, साडीतलं पाणी काढता येईल पण खळ साडीतच राहील असं यंत्र आपण करायचं. दोन रूळ, एक मूठ आणि वर दाब द्यायला स्क्रू, एवढंच तर असतं, असं ते म्हणाले होते. एवढंच तर असतं म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मामांना प्रश्न फार पडतात. कापडात पाणी नेमकं कुठे बसतं, धाग्यात की दोन धाग्यांच्या मधे? शेवटचं पाणी आधीच्या पाण्यापेक्षा हट्टी का असतं? असल्या प्रश्नांपायी त्यांनी एकदा मला शनिवार पेठेतल्या रसवंतीत नेलं. मला वाटलं, मामेसासरे रस पाजताहेत. मी बर्फ घालून दोन ग्लास संपवले तोवर मामा चरकाच्या मागे उभे राहून चोथा हातात घेऊन दाबून बघत होते. रसवंतीवाल्याने विचारलं, "काका, रस घ्यायचा नाही का?" मामा म्हणाले, "रस तुम्ही काढलाच आहे. राहिला किती ते बघतोय." मालकाने आधी त्यांना आरोग्य खात्याचा माणूस समजून खुर्ची दिली, आणि नसल्याचं कळल्यावर काढून घेतली. उभ्याउभ्याच मामांनी दोन रुळांमधलं अंतर विचारून घेतलं. परत येताना माझ्या खिशात रुमालात बांधलेला चोथा होता. घरी जाऊन तो वजन करायचा होता म्हणे.

रबराचे रूळ मिळेनात तेव्हा मामांनी पेठेतल्याच एका बंद पडलेल्या छापखान्यातले रूळ आणले. रॉकेलने पुसले, साबणाने धुतले, उन्हात ठेवले. रबराच्या पोटात वर्षानुवर्षांची शाई मुरलेली असते आणि ती दाबाखालीच बाहेर येते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कापडाच्या पोटातलं पाणी काढायला निघालेल्या माणसाने शाईचा विचार करू नये, याला काय म्हणावं? मामींची मोतिया रंगाची साडी पलीकडून निघाली ती मधोमध वीतभर काळा पट्टा घेऊन. मामींनी साडी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "काठ बरा आहे. पण मी घेतली तेव्हा मधे नव्हता." पुढे माझ्या शर्टांची पाळी आली. यंत्राने सदऱ्यांतलं पाणी उत्तम काढलं आणि त्याबरोबर बटणंही फोडली. मी दोन तुकडे पुराव्यादाखल नेऊन दाखवले, तर मामांनी ते भिंगाखाली धरले आणि अतिशय प्रेमाने सुचवलं, "तुम्ही बंडी का नाही वापरत? नाड्यांची." माझी बायको त्यावर आठवडाभर हसत होती. मी हसलो नाही.

गेल्या वर्षी मामांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्प्रिंगसारखी जाळी बसवली. खोलीत परत आणल्यावर मामांनी पहिला प्रश्न विचारला तो तिच्या तारेची जाडी किती, हा. डॉक्टर हसले. मला मात्र त्यानंतरचे मामा वेगळे दिसायला लागले. आधी त्यांना सवड होती, आता घाई होती. एके दिवशी स्क्रू पिळता पिळता माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, उद्या मी नसलो तर हिने साडी कशी पिळायची? कुणापुढे हात पसरायची नाही ती. ओलीच वाळत घालील, आणि ते जड ओझं त्या मोडक्या हाताने दोरीवर टाकील." मी पाना धरून उभा राहिलो.

आणि दिवाळीच्या सुमाराला यंत्र झालं. अगदी खरोखर झालं. मूठ इतकी हलकी, की दोन बोटांनी फिरावी. साडी आत जाताना ओली आणि बाहेर येताना दमट, खळ जागच्या जागी. मी स्वतः डाव्या हाताने फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदाच मनापासून म्हणालो, "मामा, खोट काढायला जागा नाही." त्यांनी वही मिटली. पण महिन्याभराने गेलो तर यंत्रावर फडकं घातलेलं, आणि गॅलरीत दोरीवर साड्या थबथबत होत्या. मामा औषध आणायला खाली गेले होते. मी मामींना विचारलं, "बिघडलं का?"

"छे, चांगलं चालतं की," मामी म्हणाल्या.

"मग वापरत का नाही?"

त्यांनी निवडत असलेल्या शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "अहो, रविवारी आम्ही चादरी पिळायचो. एक टोक यांच्या हातात, एक माझ्या. हे तिकडून पीळ द्यायचे, मी इकडून. लग्न झाल्यापासून. तेवढा वेळ ह्यांचं तोंड माझ्याकडे असायचं. एरवी कसल्या ना कसल्या यंत्राकडे. हात मोडला आणि ते गेलं. आता हे म्हणतात, एकटीने होईल असं केलंय. एकटीने करायला मला घाई कुठे आहे?"

जिन्यात मामा भेटले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, शब्दाला शब्द. वही त्यांनी काढली नाही. कठड्याला धरून उभे राहिले आणि पुन्हा सांगायलाही सांगितलं नाही. मला भीती वाटली, की आपण चोंबडेपणा केला.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावलं. यंत्राला दोन मुठी झाल्या होत्या, एक उजव्या अंगाला आणि एक डाव्या. वरचा रूळ मामा फिरवणार, खालचा मामी. समोरासमोर उभं राहिलं की दोघांनाही मूठ आपापल्या उजवीकडेच फिरवावी लागते, हे मामांनी मला कागदावर काढून दाखवलं. एकाने हात थांबवला की कापड अडकतं. म्हणजे इतकी वर्षं खपून जे साधलं होतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने मोडून टाकलं होतं. टूलरूममध्ये असताना असलं काम कुणी आणलं असतं तर मामांनी ते परत पाठवलं असतं. मामी डाव्या हाताने मूठ फिरवत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "अहो, सावकाश. पुढे पळू नका." मामा म्हणाले, "पळत नाही." चादर मधून हळूहळू सरकत होती, पाणी बादलीत पडत होतं आणि दोघं एकमेकांकडे बघत होती. मला तिथून उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटलं, आणि मी गेलो.

निघताना मामा मला सोडायला म्हणून आले ते गॅलरीतच थांबले. मामी आत होत्या. मामांनी यंत्राच्या बाजूला बोटभर लांबीची एक खिट्टी दाखवली. "ही ओढली की दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातात. मग एका मुठीवर चालतं, एका हाताने, पहिल्यासारखं. हिला माहीत नाही. माझ्या मागे, वेळ आली की तुम्ही येऊन ओढायची. महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडत जा, नाहीतर गंजून बसेल." आणि तेलाची छोटी कुपी त्यांनी माझ्या हातात ठेवली.

मी दर महिन्याला जातो. चहा होतो, मामी पोहे करतात, मामा नवा एखादा प्रश्न काढतात. गॅलरीत जाऊन मी खिट्टीवर बोट फिरवतो. यंदा पाऊस बराच झाला आहे आणि तिच्यावर तांबूस डाग धरायला लागले आहेत. कुपी माझ्या खिशात असते. मी ती उघडत नाही.