पोस्टमनची आठ हजार गाणी

शेजारचे पोस्टमन निवृत्त झाल्यावर हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून घरातल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला बसले. कॅसेटी संपल्या, तेव्हा ओळखीपाळखीच्यांकडून मागून आणल्या. सहा वर्षांत आठ हजार गाणी झाली. ती लावली मात्र टपालाच्या पद्धतीने. गायक कोण, चाल कोणाची, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. गाणं कोणाला पोहोचवायचं, एवढंच बघायचं. त्यामुळे फोल्डरांची नावं ‘पाहुणे’, ‘जावई’, ‘आम्ही दोघं’, ‘ही लेकीकडे गेल्यावर’ अशी होती.

एका सकाळी कॉम्प्युटरमधून टकटक ऐकू येऊ लागली. दुरुस्तीवाली मुलगी आली. तिने डब्याला कान लावला.

“काका, डिस्क आचके देतेय. बदलावी लागेल. गाण्यांची दुसरी प्रत आहे ना?”

“एक नाही, दोन आहेत,” पोस्टमन ऐटीत म्हणाले.

दोन्ही त्याच डिस्कवर निघाल्या, शेजारशेजारी.

“म्हणजे जादा किल्ली घरात ठेवून कुलूप लावलंत,” काकू आतून म्हणाल्या.

मुलीने नवी डिस्क जोडली. “जुनी किती तग धरेल सांगता येत नाही. आधी काय काढू?”

काकू हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर आकडे स्वच्छ दिसत होते. ‘आम्ही दोघं’मध्ये एकेचाळीस गाणी. ‘ही लेकीकडे गेल्यावर’मध्ये पाच हजार सहाशे.

“आधी ‘आम्ही दोघं’,” पोस्टमन घाईघाईने म्हणाले.

ती मिनिटभरात उतरली. टकटक वाढली होती.

“आता?”

“आता… जावई.” पोस्टमनांचा आवाज पार खोल गेला होता.

“जावयाला काय कळतंय गाण्यातलं,” काकू म्हणाल्या. “ते मोठं घे गं. रोज दुपारी मान मोडून बसलेत त्याच्यासाठी. आणि तुम्ही असे चोरासारखे बघू नका माझ्याकडे.”

ते उतरायला चार तास लागले. तेवढा वेळ पोस्टमन तापाने फणफणलेल्या पोराजवळ बसावं तसे डब्यावर हात ठेवून बसले. शेवटी डिस्क एकदा घरघरली आणि गप्प झाली. पाहुणे आणि जावई गेलेच. मोठ्या फोल्डरातली मात्र दहाच गाणी उतरायची राहिली होती.

“दहा गेली हो,” पोस्टमन हळहळले.

“जाऊ द्या,” काकू म्हणाल्या. “मी लेकीकडून अर्धा तास लवकर येईन.”