वर तरंगलेलं

मलकापूरचे हबीबचाचा शेतकऱ्यांची सरकी तेजाबात धुऊन द्यायचे. तेजाबानं सरकीवरची लव जळायची, मग ती पाण्यात टाकायची. तळाशी बसली ती पेरायची, वर तरंगली ती पोचट, ती फेकायची. पुढं बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आली आणि घरची सरकी पेरणारा कुणी उरला नाही. चाचांकडे तेजाब हाताळायची सवय तेवढी उरली.

त्या सवयीवर कॉलेजच्या प्रतिमा मॅडमनी त्यांना प्रयोगशाळेत घेतलं. मॅडमना ग्रॅफीन करायचं होतं. पेन्सिलीच्या शिशात असतं ते ग्रॅफाइट. त्याचा सुटा केलेला एकेक थर म्हणजे ग्रॅफीन. बर्फात ठेवलेल्या तेजाबात मॅडमनी ग्रॅफाइटची भुकटी कालवली, चिमटीचिमटीनं परमँगनेट घातलं. थर सैल झाल्यावर भांडं चाचांकडे दिलं, "नीट धुऊन ठेवा" म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

चाचांनी नीटच धुतलं. मॅडम परतल्या तेव्हा टेबलावर काळा गाळ होता.

"वरचं पिवळट पाणी कुठंय?"

"पोचट होतं. फेकलं."

"अहो चाचा, सुटलेले थर वरच तरंगतात! खाली बसतं ते न सुटलेलं ग्रॅफाइट!"

चाचांनी गाळ न्याहाळला. "बीटी आली तवा मलेबी असंच फेकलं, मॅडम. तवा कोनी बोंबललं नाही."

मॅडम नवी भुकटी तोलायला बसल्या.

आता चाचा भांड्याला हात लावायच्या आधी विचारतात, "यातलं फेकाचं कोनतं?"