सोपानरावांचं हिवाळी बिऱ्हाड

चिंचवडच्या रेल्वे फाटकावरची नोकरी संपली आणि सोपानरावांच्या दम्यानं डोकं वर काढलं. थंडी पडली की छातीत भाता सुरू. डॉक्टर म्हणाले, समुद्राकाठी उबेला जा. तेव्हापासून दिवाळी सरली की स्वारी अलिबागेजवळच्या नागावला, ती होळीलाच परत. बायको, शालनबाई, मागं म्हशींपाशी.

दोन हिवाळे बरे गेले. मग शेजारच्या गोजाबाईनं हळूच विचारलं, "शालन, तिकडं त्यांना जेवायला कोण घालतं गं?"

झालं! घरी तांब्याभर पाणी हातानं न घेणारा माणूस. विचारलं तर म्हणे, "चाललंय की." आणि परत येतो तो अंगानं भरून! दुसरा संसार तर मांडला नाही ना? शालनबाईला ते कुसळासारखं टोचत राहिलं.

पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना उभा राहत होता, त्या सालची गोष्ट. संक्रांत झाली तशी तिनं म्हशी सुनेवर सोपवल्या आणि न कळवता यष्टीत बसली.

नागावला विचारत विचारत नारळीच्या वाडीतली खोली सापडली. ओसरीवर तीन म्हातारे ताटं मांडून बसलेले. महाबळेश्वरचे उद्धव मास्तर, नाशकाचा पोस्टमन, एक खंडाळ्याचे. सगळे थंडीला भिऊन पळालेले. आणि आत चुलीपुढं, धोतर खोचून, सोपानराव भाकऱ्या थापत होते!

"अगं बया!" शालनबाई दारातच.

म्हातारे दचकून उठले. मास्तर चाचरत म्हणाले, "वहिनी, यांना न्यायला आलात काय?"

"त्ये मागनं बघू." ती नवऱ्याकडं वळली. "घरी कधी चुलीजवळ फिरकला न्हाई!"

"तू फिरकू दिलंस व्हय?" तव्यावरची नजर न काढता सोपानराव म्हणाले. "हितं खानावळीचं तिखट छातीला सोसंना. मास्तरांनी शिकवलं. घरी एकदा पिठात हात घातला, तर म्हणालीस, लोक काय म्हणतील."

म्हणाली होती खरी. सवत असती तर भांडता तरी आलं असतं. या तीन म्हाताऱ्यांशी काय भांडायचं?

तिनं पाय धुतले. सवयीनं चुलीकडं निघाली, मग थबकली, आणि ओसरीवर येऊन ताटापुढं बसली.

"वाढा."

पहिला घास तिनं सावकाश चावला. कुणी हललं नाही.

"कडा जाड हायेत," ती म्हणाली. "दुसरी टाका. आन् मास्तर, जरा सरका. होळीपर्यंत ऱ्हायचंय मला."